फोन गेटबाहेर ठेवला, पण इंटरनेटचं काय?

जूनमध्ये शाळा उघडली आणि पंधरा दिवसांत पालक सभा झाली. विषय एकच, मोबाइल. मुख्याध्यापकांनी पाच-सात मिनिटं बंदी का हवी ते सांगितलं आणि लगेच हात वर करायला लावले. बंदीच्या बाजूनं जवळजवळ सगळा हॉल. विरोधात चार-पाच हात, तेही शेजारच्यांकडे बघत हळूच खाली गेले. टाळ्या झाल्या, चहा झाला. मी चपला घालत होते तेवढ्यात शाळेच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या दिवसाचा गृहपाठ येऊन पडला. उत्तरं वहीत लिहून, फोटो काढून, रात्री नऊच्या आत त्याच ग्रुपवर टाकायची होती.

त्या सभेत कुणी वाईट बोललं नाही, सगळे मुलांच्या काळजीनंच बोलत होते. तरीही मी अस्वस्थ होऊन घरी आले, कारण आम्ही सभाभर एका वस्तूबद्दल बोललो आणि मुलांना काय शिकवायचं हा शाळेचा मूळ प्रश्न कुणी काढलाच नाही. गेली काही वर्षं महाराष्ट्रात हा वाद असाच चालला आहे. एक बाजू फोनला व्यसन म्हणते, दुसरी भविष्य म्हणते, आणि दोघींच्याही मधून मूल निसटून जातं.

माझं म्हणणं आधीच सांगते. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मुलांच्या हातात स्वतःचा फोन नसावा, या मताची मी आहे. पण जी शाळा फोन काढून घेते तिच्यावर त्याच दिवशी एक कर्ज चढतं. इंटरनेट म्हणजे काय, ते कुणाच्या पैशावर चालतं, त्यावरचं खरं-खोटं कसं पारखायचं, कुणी त्रास दिला तर कुणाकडे जायचं, हे सगळं त्याच शाळेनं वेळापत्रकात तास लावून शिकवायला हवं. आज बहुतेक शाळा पहिलं करतात आणि दुसऱ्याला हातही लावत नाहीत. मग बंदीचा अर्थ एवढाच उरतो की मूल संध्याकाळी पाचनंतर जे काही करेल त्याच्याशी आमचा संबंध नाही.

बंदीची बाजू भक्कम आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. मी काही वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आहे. साठ मुलांच्या वर्गात सिद्धता अर्ध्यावर आलेली असताना कुणाच्या तरी दप्तरात फोन थरथरला की नुसता आवाज येत नाही. दहा-बारा डोकी एकदम तिकडे वळतात आणि सिद्धतेची ती पायरी कायमची जाते. फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक आणि त्यापुढच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांतून फोन हद्दपार केले. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार तेव्हा चारपैकी एकाहून कमी देशांत शाळेत अशी बंदी होती. त्यानंतर ही संख्या झपाट्यानं वाढली. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा २०१५ चा एक अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंदीनंतर परीक्षेतली कामगिरी सुधारली, आणि सुधारली ती मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांची. हुशार मुलांवर जवळपास काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे वर्गात फोन मोकळा सोडण्याची किंमत मागच्या बाकावरचं, घरी कुणी अभ्यास घेणारं नसलेलं मूल भरतं. ज्यांना समतेची चाड आहे त्यांनी या एका कारणासाठी तरी वर्गातल्या फोनला नाही म्हणायला हवं.

पण बंदी कुठवर पोचते? २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ३० शाळांची तुलना केली. कडक बंदीच्या आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. कारण समजायला अवघड नाही. शाळेत वाचलेला वेळ घरी भरून निघत होता आणि दिवसाचा एकूण हिशेब फारसा बदलत नव्हता. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होतं. बंदी वर्ग वाचवते, मूल वाचवत नाही. आमच्या सभेत मात्र पहिल्या कामासाठीचं औषध दुसऱ्या आजारावर म्हणून वाटलं गेलं.

आता दुसऱ्या बाजूकडे. तंत्रज्ञानाचे कैवारी नेहमी इतिहास काढतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापखाने वाढले तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला शिवायला लोक कचरत होते, मग तुपाच्या शाईत पोथ्या छापाव्या लागल्या. पुढे बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन शाईचं पेन आलं, आणि बॉलपेन आलं तेव्हा गुरुजी म्हणाले, अक्षर बिघडेल. प्रत्येक वेळी भीती वाटली, प्रत्येक वेळी ती विरली, तेव्हा आताही विरेल, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो. छापील पोथीनं रात्री अकरा वाजता कुणाला हाक मारून उठवलं नव्हतं. बॉलपेन बनवणाऱ्या कारखान्यानं मूल पेन खाली ठेवू नये म्हणून माणसं पगारावर ठेवली नव्हती. फोनवरच्या करमणुकीचा सगळा धंदा लक्ष किती वेळ खिळवून ठेवता येतं यावर उभा आहे. ही नवी गोष्ट आहे, आणि जुन्या भीतीची उदाहरणं देऊन ती झाकता येणार नाही.

शिवाय यंत्र दिलं की शिक्षण आपोआप होतं, या समजुतीची परीक्षा होऊन गेली आहे. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ ही जगभर गाजलेली मोहीम २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या शाळेतही आली होती. त्याच मोहिमेत पेरू देशानं आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये आंतरअमेरिकी विकास बँकेनं पेरूतल्या ३१९ शाळांचा हिशेब मांडला, तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक पडल्याचा पुरावा सापडला नाही. आपल्याकडे गावोगाव लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ झाल्या. त्यामागे गावकऱ्यांची आणि शिक्षकांची खरी माया होती, तिला मी कमी लेखत नाही. पण थकलेल्या वीजबिलापायी मीटर तोडलेला, प्रोजेक्टरवर कापड टाकलेला वर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको.

इतिहासच काढायचा तर मी वेगळा काढेन, आणि तो आपल्याच मातीतला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचा एक गट. ठरल्या संध्याकाळी गटानं एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, रेडिओ बंद करायचा आणि मग त्यावर बोलायचं. पटलं का, आपल्या रानात चालेल का, न चालल्यास का नाही. गटाचे प्रश्न केंद्राकडे जायचे, पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. असे २० कार्यक्रम झाले. या प्रयोगाचं मोल त्याच्या तुलनेत आहे. अभ्यासकांनी तीन प्रकारची गावं शेजारी ठेवली : गट असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली. गट असलेल्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ किरकोळ होती, रेडिओ नसलेल्या गावांपेक्षा फार वेगळी नव्हती. यंत्र सारखं, आवाज सारखा, कार्यक्रमही तोच. मग फरक कशानं पडला? रेडिओ बंद केल्यावर जे बोलणं झालं त्यानं.

आज जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरात तो रेडिओ हजारपट होऊन आला आहे, आणि बंद केल्यावर बोलायला बसवणारा गट कुठेच नाही. तो गट म्हणजे वर्ग. महाराष्ट्रातल्या कानाकोपऱ्यातल्या पोरांना एका खोलीत, एका मोठ्या माणसासमोर बसवण्याची सोय शाळेकडे आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही. त्या खोलीत इंटरनेटचं नावही काढायचं नाही, असं आपण ठरवून बसलो आहोत.

हे नाव न काढण्याची किंमत काय असते, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी, बाजाराच्या दिवशी, जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. ती सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून गावोगाव फिरत होती. ती पुढे ढकलणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात शाळेत जाऊन आलेले होते. त्यांना वाचता येत होतं. हा व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढलेला, हे विचारायला मात्र त्यांना कुठल्याच इयत्तेत कुणी शिकवलं नव्हतं. त्याच २०१८ साली केरळच्या कण्णूर जिल्ह्यात प्रशासनानं सुमारे १५० सरकारी शाळांमध्ये खोट्या बातम्या ओळखायचे तास सुरू केले. पुढे ‘काईट’ या तिथल्या सरकारी संस्थेनं असं शिक्षण राज्यभर नेलं आणि पाठ्यपुस्तकातही आणलं. केरळमध्ये मुलांनी शाळेत फोन आणण्याचं कौतुक होतं असं नाही, तिथेही निर्बंध आहेत. त्यांनी फक्त फोन आणि इंटरनेट या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या.

राईनपाड्यानंतर आपण काय शिकवायला घेतलं?

पुढे करोनाचा काळ आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे सुरू’ म्हणत आपल्याच शिक्षण खात्यानं मुलांच्या हातात फोन दिला. कुणी म्हैस विकून घेतला, कुणी बचतगटातून उचल केली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची, पालघरमधल्या काही पाड्यांवर लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले गेले, पण बहुतेक घरांत शिक्षण म्हणजे फोन हेच झालं. त्यात चूक काढायची नाही, दुसरा मार्ग नव्हता. पण शाळा उघडल्यावर त्याच फोनला आपण एका रात्रीत गुन्हेगार ठरवलं, आणि दोन वर्षांत मूल त्यावर काय बघायला शिकलं याची विचारपूसही केली नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या अहवालासाठी २०२४ मध्ये झालेल्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. या आकड्यांवर बंदीवाले म्हणतात, बघा, बिघडली. मला त्यातून दिसतं ते असं की चारातली तीन मुलं एका गर्दीच्या बाजारात एकटी फिरताहेत. त्याआधीच्या वर्षीच्या पाहणीत समाजमाध्यमं वापरणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांनाच सुरक्षिततेच्या सेटिंग्ज माहीत होत्या. रस्ता कसा ओलांडायचा हे आपण बालवाडीत शिकवतो. मग नको त्या माणसाला ब्लॉक कसं करायचं, हे दहावीपर्यंत कुणीच का शिकवत नाही?

मुलींबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. मुलगी घरच्या फोनला हात लावते तो आईच्या देखत, भावाला नको असेल तेव्हा, आणि बऱ्याचदा गृहपाठाच्या फोटोपुरता. बंदीच्या भाषणाला टाळ्या पडतात तेव्हा घरात तिचा अर्थ मुलगा आणि मुलगी यांना सारखा लागत नाही. मुलाच्या बाबतीत ‘जरा कमी बघ’ आणि मुलीच्या बाबतीत ‘हातच लावायचा नाही’. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मोबाइल बंद असा ठराव केला तेव्हा त्याचं कौतुक झालं. त्या काळजीमागचं प्रेम मला समजतं. पण त्याच काळात शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवेशाची यादी, परीक्षेचा निकाल, बसच्या पासाची माहिती, सगळं ऑनलाइन गेलेलं असतं. मग ही मुलगी अठराव्या वाढदिवसाला अचानक हे सगळं कुठून शिकणार? सायबर कॅफेत दहा रुपये देऊन परक्या माणसाकडून फॉर्म भरून घेणार आणि स्वतःचा पासवर्ड त्याच्याकडे ठेवून येणार.

केरळ उच्च न्यायालयात २०१९ मध्ये असाच एक प्रश्न आला होता. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करायचा नियम होता. एका विद्यार्थिनीनं तो मानला नाही आणि तिला वसतिगृहातून काढलं. न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल देताना इंटरनेटपर्यंत पोचण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. शाळकरी मुलांना तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला कळतं. पण ज्या मुलीला घरी फोन मिळत नाही तिच्यासाठी शाळेचा संगणक कक्ष हीच एक खिडकी असते, आणि तो कक्ष कुलपात असेल तर बंदीनं तिच्याकडून दोनदा काढून घेतलेलं असतं.

यावर शिक्षक जे म्हणतात ते मात्र मान खाली घालून ऐकायला हवं. ते म्हणतात, आमच्या डोक्यावर आणखी एक विषय टाकू नका. त्यांचं खरं आहे. २०१५ मध्ये शाळा-विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायचं ‘सरल’ आलं, मग तशाच माहितीच्या केंद्राच्या ‘यूडायस’च्या नोंदी, २०२३ मध्ये हजेरीसाठी चॅटबॉट, मधल्या काळात कितीतरी ॲप आणि लिंका. शिक्षकाचा अर्धा जीव स्वतःच्या फोनवर माहिती भरण्यात जातो, तीही स्वतःच्या रिचार्जवर, आणि वर्गातली मुलं ते बघत असतात. फोन वाईट आहे असं सांगणारा माणूस तास चालू असताना लिंक भरतो आहे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. यात शिक्षकाचा दोष नाही. वरून आलेल्या प्रत्येक ‘तातडीची माहिती’नं त्याला तिथे आणून बसवलं आहे. शाळेनं तंत्रज्ञानाला कसं उत्तर द्यावं हे विचारण्याआधी शिक्षण खात्यानं स्वतःच्या सवयीकडे बघावं आणि शाळेच्या वेळात शिक्षकाकडून माहिती मागणं बंद करावं. तेवढ्यानं आठवड्यातला एक तास सहज निघेल.

त्या एका तासाला प्रत्येकाच्या हातात यंत्र लागतं असंही नाही. शिक्षकांनी गावाच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड फळ्यावर उतरवून काढावा आणि विचारावं, यात तारीख आहे का? गाव कुठलं? सांगणारा कोण? त्याचा यात फायदा काय? सातवीतलं पोर दहा मिनिटांत त्याच्या चिंध्या करतं, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या एकाच संगणकावर गावच्या किल्ल्याची किंवा देवळाची माहिती काढावी, ती मराठी विश्वकोशाशी आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या सांगण्याशी ताडून बघावी, कुठे जुळतं नि कुठे नाही ते वहीत लिहावं. ओटीपी कुणाला का द्यायचा नाही, याचं नाटुकलं करावं. त्याचा उपयोग मुलांपेक्षा त्यांच्या आजोबांना जास्त होईल. आठवी-नववीच्या मुलींना वेगळं बसवून, एखाद्यानं फोटो पसरवायची धमकी दिली तर काय करायचं, कुणाला सांगायचं, यावर मोकळं बोलावं. यातल्या कशालाही टॅबलेटची खरेदी लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं आता हे सगळं आणखी निकडीचं केलं आहे, आणि शाळा पुन्हा तीच चूक करायला निघाल्या आहेत. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात, घाबरून घाई झाली अशी कबुली देत, बंदी उठवली. त्या चार महिन्यांत मुलं घरी त्याच्याकडून निबंध लिहून घेऊ शकत होतीच. आपल्याकडे निबंध गाइडमधून उतरवायची परंपरा त्याहून जुनी आहे. यंत्रानं लिहिलेला ‘माझी आई’ आणि गाइडमधला ‘माझी आई’ यांत फरक कुठे आहे? मुलाला आपल्या आईबद्दल वर्गात बसून, हातानं, चार खऱ्या ओळी लिहायला लावल्या तर दोन्ही गळून पडतात. मग यंत्राचा निबंध समोर ठेवावा आणि विचारावं, यातली आई कुणाच्या घरी बघितली आहे का?

राहता राहिला नियम कसा करायचा हा प्रश्न. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शाळेतल्या स्मार्टफोनबद्दल काही तत्त्वं घालून दिली. सरसकट बंदी त्यांनी इष्टही मानली नाही आणि व्यवहार्यही. वर्गात वापर नको, शक्य असेल तिथे फोन जमा करावा, मुलांना ऑनलाइन वागणुकीचं शिक्षण द्यावं आणि धोरण पालक, शिक्षक, तज्ज्ञ यांच्याशी बोलून ठरवावं, असा त्याचा गाभा. यात मी एकच भर घालेन. मुलांनाही बोलवा. आमच्या सभेत ज्यांच्याबद्दल ठराव झाला ती सगळी मुलं बाहेर मैदानात होती.

आणि मोठ्यांनाही त्या नियमात बांधा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद होऊ लागले. मुलं अभ्यासाला बसू लागली म्हणून त्या गावाचं नाव झालं. मला त्यातला दुसराच भाग मोलाचा वाटतो : भोंगा वाजल्यावर बापाचा फोनही खाली जायचा होता.

सभा संपताना मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला होता. त्यांनी विचारलं, पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा आहे, घरी फोन नाही, तर शाळेत भरून मिळेल का? विषय संपला आहे, असं सांगून त्यांना बसवलं गेलं. पुढच्या सभेसाठी मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. संगणक कक्ष आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर तासभर उघडा ठेवावा, त्यातला एक दिवस फक्त मुलींसाठी. आणि रात्री नऊचा गृहपाठाचा फोटो बंद करावा. कक्षात थांबायला दोन पालकांनी होकार दिला आहे, तिसरी मी.